बावीस जूनच्या आधी : दामोदर चापेकरांचं आत्मवृत्त वाचताना

(रामटेक इथे झालेल्या जाहीर व्याख्यानाचं हे शब्दांकन. बोलण्यातली पुनरुक्ती काढली आहे. शेवटची प्रश्नोत्तरं थोडक्यात दिली आहेत.)



आजचा विषय आहे, समाज बदलायला लागला की माणसं धास्तावतात, आणि धास्तावलेली माणसं कधीकधी टोकाला जातात, ते कसं. हा विषय असा आहे की त्यावर हवेत बोलणं फार सोपं. ‘हल्ली वातावरण बिघडलंय’ असं म्हणायचं, सगळ्यांनी माना डोलवायच्या आणि घरी जायचं. तसं होऊ नये म्हणून मी एक पुस्तक धरून बोलणार आहे. दामोदर हरी चापेकर यांनी अटकेनंतर तुरुंगात लिहिलेलं आत्मवृत्त. ते बरीच वर्षं सरकारी दप्तरात पडून होतं, स्वातंत्र्यानंतर छापलं गेलं. नाव सगळ्यांना ठाऊक, पुस्तक फार थोड्यांनी वाचलेलं, अशातला हा प्रकार.

तुम्ही म्हणाल, रामटेकला येऊन हा माणूस पुण्याचं काय सांगतोय? इथे बोलायचं तर कालिदासावर बोलावं. बरोबर आहे. पण शेवटी मी इथून जवळच्या एका गावापाशी येणार आहे. तोवर जरा धीर धरा.

गोष्ट कुठून सुरू होते

चापेकरांची गोष्ट आपण शाळेत कशी शिकलो, आठवून बघा. १८९७ साल. पुण्यात प्लेग. रँडसाहेब. गोरे सोजीर घराघरांत शिरतायत, देवघरात बुटांसकट जातायत, बायकांची तपासणी करतायत. लोक हवालदिल. आणि मग २२ जून, राणीच्या राज्यारोहणाच्या हीरक महोत्सवाची रात्र, गणेशखिंडीचा रस्ता, गोळ्यांचे आवाज. आयर्स्ट जागीच गेला, रँड ३ जुलैला. पुढे १८ एप्रिल १८९८ ला दामोदर यांना फाशी. १८९९ च्या मे महिन्यात वासुदेव, महादेव रानडे आणि बाळकृष्ण, तिघांनाही फाशी. एका आईचे तीन मुलगे गेले.

ही गोष्ट खरी आहे. त्यातला एकही तपशील मी नाकारत नाही. पण ती कुठून सुरू होते ते बघा. प्लेगपासून. नचिकेत आणि जयू पटवर्धन यांनी १९७९ साली या विषयावर चित्रपट केला, त्याचं नावच ‘२२ जून १८९७’. ती तारीख आपल्या डोक्यात इतकी पक्की बसली आहे की त्याआधी या भावांचं काही आयुष्य होतं, काही मतं होती, काही राग होते, हे आपण विचारतच नाही.

आत्मवृत्त मात्र प्लेगपासून सुरू होत नाही. लिहिणारा माणूस आपल्या घरापासून सुरू करतो. घराण्यापासून, वडिलांपासून, वडिलांच्या कीर्तनापासून. रँड यायला बराच वेळ लागतो. आणि तो येण्याआधी कितीतरी माणसांवर हात उगारून झालेला असतो. ती माणसं इंग्रज नाहीत. ती पुण्या-मुंबईतली आपलीच, सुधारकी मताची माणसं आहेत.

माझं आजचं म्हणणं या एका गोष्टीभोवती आहे. हे पुस्तक आपण शेवटाकडून सुरुवातीकडे वाचत आलो. ते सुरुवातीकडून वाचलं तर वेगळं काहीतरी दिसतं.

त्या दहा वर्षांत काय काय झालं

आधी काळ समजून घेऊ. दामोदर चापेकर जन्मले १८६९ साली. म्हणजे ते पंधरा-सोळा वर्षांचे होते तेव्हापासून पंचविशीपर्यंत त्यांच्या आजूबाजूला काय चाललं होतं?

१८८४ साली बेहरामजी मलबारींनी बालविवाह आणि सक्तीचं वैधव्य यांवर टिपणं काढली. त्याच सुमाराला रखमाबाईंचा खटला उभा राहिला. लहानपणी लग्न झालेली मुलगी मोठी झाल्यावर म्हणाली, मी या नवऱ्याकडे नांदायला जाणार नाही. आज यात काही वाटत नाही. तेव्हा अख्खा महाराष्ट्र हादरला होता. १८८७ साली कोर्टानं सांगितलं, नवऱ्याकडे जा नाहीतर सहा महिने तुरुंगात जा. बाई म्हणाली, तुरुंगात जाईन. पुढे तडजोड झाली आणि त्या विलायतेत जाऊन डॉक्टर होऊन आल्या.

१८८८ साली आगरकरांचा ‘सुधारक’ निघाला. १८८९ साली पंडिता रमाबाईंचं शारदा सदन निघालं, पुढल्या वर्षी ते पुण्यात आलं. १८९० च्या ऑक्टोबरात पंचहौद मिशनमध्ये पुण्यातली बडी मंडळी चहा प्याली, त्यांची नावं छापून आली आणि ग्रामण्य माजलं. त्या चहात रानडे होते, टिळकही होते. १९ मार्च १८९१ ला संमतिवयाचा कायदा झाला. मुलीचं संमतिवय दहावरून बारा केलं, एवढाच तो बदल. त्यावरून सभा उधळल्या गेल्या. आगरकरांची तर जिवंतपणी प्रेतयात्रा काढली गेली. १८९३ साली धोंडो केशव कर्व्यांनी शारदा सदनातल्याच एका विधवेशी लग्न केलं आणि मुरुडकरांनी त्यांना वाळीत टाकलं. १८९५ साली पुण्यात काँग्रेस भरली. काँग्रेसच्या मांडवात सामाजिक परिषद घेतली तर मांडव जाळू, अशा धमक्या आल्या. रानड्यांनी परिषद दुसरीकडे हलवली.

हे सगळं दहा-बारा वर्षांत. एकामागून एक. आणि एक गोष्ट तुमच्या लक्षात आली असेल. यातला जवळजवळ प्रत्येक वाद बाईवरून आहे. तिचं लग्नाचं वय, तिची इच्छा, तिचं वैधव्य, तिचं शिक्षण. राज्य इंग्रजांनी १८१८ सालीच घेतलं होतं. पेशवाई जाऊन सत्तर वर्षं झाली होती. त्या पराभवाची लोकांना सवय झाली होती म्हणा ना. पण घरातली बाई ‘नाही’ म्हणते, ही गोष्ट नवीन होती. राज्य गेलं तरी घर आपलं आहे, ही शेवटची खात्री त्यानं डळमळली.

अर्थात ‘अख्खा महाराष्ट्र हादरला’ असं मी म्हणालो ते जरा सैलपणे. कोण हादरलं, हे विचारलं पाहिजे. जोतीराव फुल्यांनी १८४८ साली मुलींची शाळा काढली, १८७३ साली सत्यशोधक समाज काढला. ज्यांना त्यातून पहिल्यांदा अक्षर मिळालं, त्यांना बदलाची कसली धास्ती? एकाच बदलानं वरच्या माणसाला धाकधूक होते आणि खालच्याला श्वास मिळतो. तेव्हा ‘समाजाला चिंता वाटते’ असं कोणी म्हणालं की समाजातल्या कोणाला, हा प्रश्न लगेच विचारायचा.

पुस्तक काय सांगतं

आता आत्मवृत्ताकडे येऊ. चापेकरांचं घर मूळ चिंचवडचं. एके काळी सुस्थितीतलं एकत्र कुटुंब. नंतर उतरती कळा लागली. वडील हरिपंत कीर्तन करायला लागले. पेटी-तबल्याला साथीदार ठेवण्याची ऐपत नाही, म्हणून मुलंच मागे उभी राहून साथ करायची. गावोगाव हिंडायचं, मिळेल त्या बिदागीवर भागवायचं.

शाळेतल्या गोष्टीत हा भाग एका ओळीत उरकतात : ‘वडील कीर्तनकार होते, त्यामुळे मुलांवर चांगले संस्कार झाले.’ झालं. पण हा भाग नीट वाचला तर त्यात एक सल आहे. आपलं घराणं कोण होतं आणि आज आपण कुठे उभे आहोत, हा सल. कीर्तनकाराचा मुलगा आहे, धर्म अगदी काटेकोर पाळला जातोय, आणि धर्म पाळणारं घर खाली जातंय. उलट पलीकडे इंग्रजी शिकलेला, मिशनमध्ये चहा पिणारा, शेंडीची पर्वा न करणारा माणूस वर जातोय. त्याला नोकरी आहे, मान आहे, सभेत पहिली खुर्ची आहे.

इथे थांबा. कारण ‘बदलाची भीती’ म्हणतात ती नेमकी काय, हे मला या ठिकाणी कळतं असं वाटतं. आपण समजतो की माणसाला भीती वाटते ती काहीतरी हातचं जाईल याची. चापेकरांच्या घरात जाण्यासारखं उरलं होतं काय? भीती निराळी असते. सुधारक म्हणतो तेच जर खरं असेल, तर माझ्या बापानं आयुष्यभर जे सोसलं ते कशासाठी? ते सगळं वेडेपणाचं होतं का? हा प्रश्न सहन होत नाही. सुधारक समोर येतो तेव्हा तो नुसतं मत घेऊन येत नाही. त्याच्या असण्यानंच आपल्या घरच्या त्यागाला मूर्खपणा ठरवलं जातं, असं ऐकणाऱ्याला वाटतं.

फ्रान्समध्ये एमिल दुर्खीम नावाच्या समाजशास्त्रज्ञाचं ‘आत्महत्या’ या विषयावरचं पुस्तक १८९७ सालीच निघालं. योगायोग. त्यात त्यानं म्हटलं की समाज झपाट्यानं बदलतो तेव्हा जुने नियम सुटतात, नवे बसलेले नसतात, आणि माणूस अधांतरी होतो. ते बरोबरच आहे. पण मला वाटतं, चापेकरांचं पुस्तक त्यात एक भर घालतं. नियम सुटले यापेक्षा, ज्यांनी नियम पाळले तेच हसण्यावारी गेले, ही जखम जास्त ठसठसते.

मग पुढे काय होतं? दामोदर यांना शिपाईगिरीची ओढ होती. सैन्यात शिरायचा प्रयत्न झाला, जमला नाही. मग आपणच पोरं गोळा केली. व्यायाम, कवायत, कुस्ती. धर्माच्या आड येणाऱ्या गोष्टी दूर करायच्या, असा या मंडळाचा हेतू. सुरुवात निरुपद्रवी आहे. पोरांनी तालीम करावी यात वाईट काय? पण तालमीला लवकरच काम लागतं. आणि काम कोणतं, तर सुधारकांना धडा शिकवणं. अंधारात गाठायचं, मारायचं, पळायचं. मग १८९६ साली मुंबईत राणीच्या पुतळ्याला डांबर फासलं, जोड्यांची माळ घातली.

हे प्रसंग वाचताना वाचक म्हणून मला काय जाणवतं, ते सांगतो. त्यात थोडी खोडी आहे, थोडा सूड आहे, आणि ‘कोणाला कळलं नाही’ याचा आनंद आहे. अजून तो पूर्ण मारेकऱ्याचा सूर नाही. पण एक पायरी चढली की दुसरी सोपी होते. मारण्याआधी जी धडधड होते ती दुसऱ्या वेळेला कमी होते. हे पुस्तक त्या पायऱ्या एकेक करून दाखवतं. लिहिणाऱ्याला ते दाखवायचं होतं असं नव्हे. तो अभिमानानं सांगतोय. पण आपल्याला दिसतं.

अजून एक. या माणसाला बोलणाऱ्यांचा विलक्षण तिटकारा आहे. काँग्रेसवाले नुसते बोलतात. उत्सवात व्याख्यानं देणारे नुसते बोलतात. टिळकांवरसुद्धा हा माणूस समाधानी नाही, कारण त्याच्या मते टिळक धड सुधारकही नाहीत आणि धड सनातनीही नाहीत. मला हा शेरा फार महत्त्वाचा वाटतो. संमतिवयाच्या वादात टिळकांनी सुधारकांना जबरदस्त विरोध केला. ‘परक्या सरकारनं आमच्या धर्मात हात घालू नये’ ही त्यांची भूमिका राजकीय होती, तिच्यामागे युक्तिवाद होता. पण ऐकणाऱ्या पोराला युक्तिवाद ऐकू गेला नाही. त्याला एवढंच ऐकू गेलं की धर्म बुडतोय. आणि जो ‘धर्म बुडतोय’ असं सांगतो तो स्वतः हातपाय हलवत नाही म्हटल्यावर, त्या पोराच्या लेखी तोही ढोंगी ठरला. लोकांच्या धास्तीवर राजकारण उभं करणाऱ्या प्रत्येक पुढाऱ्यानं हे पान वाचावं. धास्ती पेटवणाऱ्याच्या हातात ती राहत नाही.

दुसरं पुस्तक

तुम्ही म्हणाल, काळच तसा होता, माणूस दुसरं काय करणार? म्हणून मी त्याच शहरातलं, त्याच वर्षांबद्दलचं दुसरं एक पुस्तक शेजारी ठेवतो. रमाबाई रानडे यांचं ‘आमच्या आयुष्यातील काही आठवणी’. ते १९१० साली प्रसिद्ध झालं.

रमाबाईंचं लग्न १८७३ साली झालं, तेव्हा त्या अकरा वर्षांच्या. महादेव गोविंद रानडे बत्तिशीला आलेले, सुधारकांचे पुढारी, पहिली बायको वारलेली. सगळ्यांना वाटत होतं आता हे विधवेशी लग्न करणार. वडिलांच्या धाकापुढे त्यांचं चाललं नाही. मग त्यांनी या मुलीला शिकवायला घेतलं. आणि घरात युद्ध सुरू झालं. घरातल्या मोठ्या बायका, नणंद, सगळ्या तिच्यावर तुटून पडल्या. टोमणे, अबोला. ख्रिस्ती बाईकडून इंग्रजी शिकून आली की अंघोळ केल्याशिवाय तिला कशाला शिवायची सोय नव्हती.

ही धास्ती चापेकरांच्या धास्तीपेक्षा कमी होती का? मुळीच नाही. त्या नणंदेकडे बघा. दुर्गाबाई. तरुणपणी विधवा झालेली. भाऊ सुधारक, पण वडिलांच्या विरोधामुळे तिचा पुनर्विवाह होऊ शकला नाही. जिचं आयुष्य रूढीनं खाल्लं, तीच रूढीच्या बाजूनं सगळ्यांत त्वेषानं लढतेय. आपल्याला वाटतं, कमाल आहे. पण मघाचा मुद्दा लावून बघा. ही रूढी चुकीची होती असं तिनं मान्य केलं, तर तिच्या वाट्याला आलेलं सगळं दुःख फुकटचं ठरतं. ते पेलणं किती अवघड आहे!

आणि रमाबाईंची कमाल बघा. या बायकांनी त्यांना इतकं छळलं, पण पुस्तकात त्यांनी कोणालाही राक्षसीण केलेलं नाही. त्या बायका काय बोलत, कशा बोलत, ते सगळं त्या तपशिलानं देतात. त्यांच्या तोंडचं त्यांच्याच भाषेत देतात. वाचताना त्या बायकांचा राग येतो आणि कीवही येते. म्हणजे धास्तावलेल्या माणसाबद्दल लिहायचं कसं, याचा एक धडा मराठीत शंभराहून अधिक वर्षांपूर्वी घालून दिलेला आहे. तो घालून देणारी बाई त्या रागाची झळ सोसलेली होती.

फरक कुठे पडला? धास्ती दोन्हीकडे सारखीच. रानड्यांच्या घरातली धास्ती रोज समोरासमोर होती. एकाच स्वयंपाकघरात वावरायचं होतं. भांडण झालं तरी संध्याकाळी पंगत एकच. चापेकरांची धास्ती हळूहळू एका बंद मंडळीत गेली. तिथे सगळे एकाच मताचे, एकाच वयाचे, सगळे पुरुष. तिथे तिला उत्तर देणारं कोणी नव्हतं. सुधारक तिथे माणूस म्हणून कधी आला नाही. अंधारात गाठायचं सावज म्हणूनच आला.

हेही सांगायला हवं की दोष एकाच बाजूचा नव्हता. ‘सुधारका’ची भाषा तिखट होती. आगरकर स्वतः दारिद्र्यात राहिले, तत्त्वासाठी झिजले, १८९५ साली अकालीच गेले. त्यांच्या तळमळीबद्दल शंका नाही. पण सुधारकी वर्तुळात जुन्या माणसाकडे बघून हसण्याची जी सवय होती, तिनं कोणाचं मन वळलं असेल असं मला वाटत नाही. कर्व्यांनी दुसरी वाट धरली. वाळीत टाकल्यावरही ते भांडत बसले नाहीत. १८९६ साली त्यांनी विधवांसाठी आश्रम काढला आणि लोकांना येऊन बघा म्हणाले. ज्या शहरात आश्रम निघाला, त्याच शहरात तेव्हा दंडुक्यांची तालीम चालली होती.

अन्याय खरा होता

आता सगळ्यांत नाजूक जागा. प्लेगमधला जुलूम खराच होता. फेब्रुवारी १८९७ मध्ये साथीच्या रोगांचा कायदा झाला, रँड यांच्या हातात अमर्याद अधिकार आले, झडत्यांना सैनिक लावले. गोखल्यांसारख्या मवाळ माणसानंसुद्धा विलायतेत याबद्दल जाहीर तक्रार केली. तेव्हा ‘चापेकर हे नुसते धर्मवेडे होते’ असं कोणी म्हणालं तर तेही खोटं आहे. परकी सत्ता घरात घुसली होती. तिला उत्तर देताना या भावांनी आपला जीव दिला, आणि तो देताना ते डगमगले नाहीत.

मी एवढंच म्हणतो की हत्यार चालवायची सवय आधी झाली होती, निमित्त नंतर आलं. सोजीर घरात शिरले तेव्हा शहरात लाखभर माणसं संतापलेली होती. त्यांतल्या बहुतेकांनी सोसलं, काहींनी अर्ज केले, काहींनी लिहिलं. रस्त्यावर थांबून गोळी घातली ती अशा मंडळीनं, जिला अंधारात माणूस गाठायचा सराव होता. खरा अन्याय आला की आधीचा सगळा राग त्याच्यात मिसळतो आणि पवित्र होतो. मग मागचं कोणी विचारत नाही. सुधारकांना पडलेला मार आपल्या इतिहासातून पुसला गेला तो असा. त्यांना कोणी विचारलंच नाही, तुम्हाला किती लागलं म्हणून.

इथून जवळचं गाव

आता कबूल केल्याप्रमाणे जवळ येतो. शेजारच्या भंडारा जिल्ह्यात, मोहाडी तालुक्यात, खैरलांजी. २९ सप्टेंबर २००६. भोतमांगे कुटुंबातली आई, मुलगी आणि दोन मुलगे, चौघांना गावातल्या जमावानं ठार मारलं. वडील तेवढे वाचले. तुमच्यातल्या अनेकांना तो काळ आठवत असेल. नागपुरात, सगळ्या विदर्भात काय उसळलं होतं तेही आठवत असेल.

आधीच सांगतो, मी चापेकर आणि खैरलांजी एका तराजूत घालत नाही. एकीकडे परक्या सत्तेविरुद्ध स्वतःचा जीव लावलेली माणसं आहेत. दुसरीकडे निःशस्त्र कुटुंबावर तुटून पडलेला जमाव आहे. मी तुलना करतोय ती गोष्ट सांगण्याच्या पद्धतीची. गोष्ट कुठून सुरू केली, याची.

खैरलांजीची बातमी सुरुवातीला कशी आली? अनैतिक संबंधांवरून गावकऱ्यांचा संताप अनावर झाला, अशी. म्हणजे गोष्ट त्या संध्याकाळच्या संतापापासून सुरू केली. मग हळूहळू आधीचं बाहेर आलं. बौद्ध कुटुंब, स्वतःची जमीन असलेलं. त्या जमिनीतून जाणाऱ्या वाटेवरून वाद. हक्क न सोडणारी आई. एका मारहाणीच्या प्रकरणात तिनं दिलेली साक्ष. शिकणारी मुलगी. हे सगळं त्या संध्याकाळच्या आधी झालेलं होतं.

आनंद तेलतुंबडे यांच्यासारख्या अभ्यासकांनी ते मागून उलगडून दाखवलं. कोर्टात काय झालं ते तुम्हाला माहीत आहे. २००८ साली भंडाऱ्याच्या न्यायालयानं सहा जणांना फाशी आणि दोघांना जन्मठेप सुनावली. २०१० साली उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठानं फाशीच्या जागी पंचवीस वर्षांची शिक्षा केली. ॲट्रॉसिटीचा कायदा दोन्हीकडे लागू झाला नाही. कायद्याचं गणित कायद्याजवळ. पण वाचक म्हणून मला दिसतं ते असं की कायद्यानंही गोष्ट त्या वादापासून सुरू केली. त्याआधीची वर्षं, एक कुटुंब ताठ मानेनं राहतंय आणि आजूबाजूला ते खुपतंय, ती वर्षं गोष्टीत आलीच नाहीत.

बघा, पुन्हा बाई. पुन्हा शिक्षण. पुन्हा ‘नाही’ म्हणणारं शेजारचं घर. आणि याच नागपुरात १४ ऑक्टोबर १९५६ ला लाखो माणसांनी धर्म बदलला, आपलं सगळं जुनं जगणं मागे टाकलं. त्याहून मोठा बदल कोणता? त्यात कोणाच्या अंगाला साधं खरचटलं नाही. बदल मागणाऱ्यांनी तो शांततेत केला. तेव्हा ‘बदल फार वेगानं झाला म्हणून हिंसा झाली’ हे वाक्य जपून वापरा. हिंसा बदलाच्या अंगातून येत नाही. बदलाकडे बघणाऱ्या एखाद्या घट्ट बसलेल्या मंडळीतून ती येते, आणि तिथे कोणी वेळेवर आत शिरून दोन शब्द बोललेलं नसतं.

समीक्षकाचं काम कोणाला शिक्षा द्यायचं नाही. गोष्ट कुठून सुरू झाली ते दाखवायचं, एवढंच. उद्या कुठेतरी काही घडेल आणि तुमच्या मोबाइलवर बातमी येईल. ती कोणत्या क्षणापासून सुरू होते तेवढं बघा. आणि त्याच्या आधीच्या दहा वर्षांत त्या गावात कोण शिकलं, कोणी कोणाला ‘नाही’ म्हटलं, कोण कोणाला हसलं, ते विचारा.



प्रश्नोत्तरं

*प्रश्न : सर, यात हुतात्म्यांचा अपमान होत नाही का?*

उत्तर : ज्या पुस्तकातून मी बोललो ते त्यांनी स्वतः लिहिलंय. सुधारकांना मारल्याचं त्यांनी लपवलेलं नाही, आपण लपवलं. त्यांनी फाशीच्या सावलीत बसून जे मोकळेपणानं लिहिलं ते आपण वाचायचंच नाही, याला मी आदर म्हणणार नाही. हार घालताना पूर्ण माणसाला घालावा.

*प्रश्न : आमच्या घरात काका आहेत. आम्ही काही बोललो की त्यांना वाटतं, पोरं सगळं मोडायला निघालीत. अशा माणसासोबत बोलायचं कसं?*

उत्तर : काका मारायला निघालेत का? नाही ना? मग ते अजून पंगतीत आहेत. तुमचं मत सोडू नका, रमाबाईंनीही वाचायचं सोडलं नाही. पण वाद घालण्याआधी त्यांना एक विचारा : तुम्ही तुमच्या वेळेला काय काय सोसलं? ते सांगू द्या, पूर्ण ऐका. जुनी रीत चुकीची होती असं म्हणताना ती पाळणारा माणूस मूर्ख होता असं त्यांना ऐकू जाणार नाही, एवढी काळजी घ्या. आणि काका रोज संध्याकाळी कोणासोबत बसतात, फोनवर कोणत्या गटात असतात, तिकडेही लक्ष असू द्या. तिथे जर सगळे एकाच आवाजात बोलत असतील, तर तुम्ही घरी जास्त बोलत राहा.

*प्रश्न : आणि समजा, ऐकूनही ते बदलले नाहीत तर?*

उत्तर : नाही बदलणार कदाचित. रमाबाईंच्या घरातली वडीलधारी माणसं तरी काय लगेच बदलली! त्या मात्र त्याच घरात राहून शिकल्या, आणि पुढे त्यांनी पुण्यात सेवासदन उभं केलं. तेवढं चालतं.